वृद्ध व्यक्तीला अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर काय करावे

वय झाले की ऐकू कमी येते, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्याआड एक निराळाच आजार लपून राहतो. वयोमानाने येणारा बहिरेपणा दोन्ही कानांत, बहुधा सारख्याच प्रमाणात आणि अनेक वर्षे हळूहळू वाढत जातो. तो नेमका कधी सुरू झाला, हे ना त्या व्यक्तीला सांगता येते ना घरातल्यांना. याउलट काही तासांत किंवा फार तर तीन दिवसांत ऐकणे एकदम खाली येते, आणि बहुतेक वेळा एकाच कानाचे येते, तेव्हा त्याला वयाचे कारण लावणे चूक असते. आंतरकर्णाला, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागाला, किंवा श्रवणचेतेला, म्हणजे तिथून मेंदूकडे आवाजाचा संदेश नेणाऱ्या नसेला, इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यावरच्या उपचाराला मोजकेच दिवस मिळतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले तर ‘आठवडाभर वाट पाहू’ असे कोणी म्हणत नाही. कानाच्या बाबतीत मात्र तसे सर्रास म्हटले जाते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत असेच नऊ दिवस गेले. त्यांना पूर्वीपासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे होती. एके सकाळी त्यांनी डाव्या कानातले यंत्र काढून हातावर ठेवले आणि ‘हे बंद पडले आहे’ असे सांगितले. आम्ही बॅटरी बदलली, मग दुसऱ्या पाकिटातली बॅटरी घालून पाहिली, यंत्राच्या टोकाची मळ अडवणारी जाळी बदलली आणि शेवटी यंत्र दुरुस्तीला दिले. ते सहाव्या दिवशी ‘यंत्रात दोष नाही’ या चिठ्ठीसह परत आले. दोष कानात होता. यंत्र काढून नुसत्या कानाला फोन लावून पाहिला असता तर ते पहिल्याच सकाळी, अर्ध्या मिनिटात कळले असते. श्रवणयंत्र वापरणाऱ्या घरांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी: यंत्र ‘बिघडले’ की आधी कान तपासावा आणि मग यंत्र.

घरी काय पाहावे

सर्वांत आधी कान सोडून इतर गोष्टी पाहाव्यात. ऐकू न येण्याबरोबर चेहऱ्याची एक बाजू ओघळली आहे का, बोलणे जड किंवा अडखळते झाले आहे का, एकाच्या दोन वस्तू दिसत आहेत का, हातापायात अशक्तपणा किंवा बधिरपणा आला आहे का, चालताना तोल एका बाजूला जातो आहे का, हे तपासावे. यांपैकी काहीही असेल तर कानाच्या डॉक्टरांची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी, कारण तो मेंदूचा झटका असू शकतो. आंतरकर्णाला रक्त पुरवणारी बारीक धमनी बहुधा लहान मेंदू आणि मज्जास्तंभाच्या (मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाच्या) काही भागाला रक्त देणाऱ्या धमनीचीच शाखा असते. त्यामुळे त्या मोठ्या धमनीत अडथळा आला की कधी कधी ऐकणे आणि तोल दोन्ही एकदम जातात. उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्या वृद्धांना जोराची भोवळ येऊन ऐकू येईनासे झाले, तर इतर लक्षणे नसली तरी तातडीच्या विभागात नेणेच शहाणपणाचे ठरते. डोके आपटले असेल तरीही तेच करावे.

तसे काही नसेल तर दोन साध्या गोष्टी करून पाहता येतात. पहिली म्हणजे तोच फोन, तेवढ्याच आवाजावर, आलटून पालटून दोन्ही कानांना लावणे आणि कोणत्या कानाला आवाज लहान, फाटका किंवा लोखंडी पत्र्यासारखा लागतो ते विचारणे. शब्दांची जागा नुसत्या खरखरीने घेतली असेल, तर तीही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. दुसरी चाचणी हुंकाराची आहे. ओठ मिटून ‘म्’ असा लांब हुंकार द्यायला सांगावे आणि तो कोणत्या कानात घुमतो ते विचारावे. हुंकार बिघडलेल्या कानात मोठा वाटला तर मळ, पडद्यामागचे पाणी यांसारखा बाहेरच्या किंवा मधल्या कानाचा अडथळा संभवतो. चांगल्या कानात मोठा वाटला तर आंतरकर्णाचा संशय वाढतो. मात्र ज्यांच्या दोन कानांच्या ऐकण्यात पूर्वीपासूनच फरक आहे त्यांच्यात ही चाचणी फसवी ठरू शकते. उत्तर दिलासा देणारे आले म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळावे, असा तिचा उपयोग मुळीच नाही.

‘कानाला दडा बसला आहे’ एवढेच अनेक वृद्ध सांगतात, आणि ते खोटे नसते. आंतरकर्ण अचानक निकामी झाला की कान कोंदल्यासारखा, कापूस घातल्यासारखाच वाटतो, म्हणूनच मळ किंवा सर्दी यांच्यावर सहज संशय जातो. सोबत कानात शीळ किंवा घोंघावणे सुरू झाले असेल, भोवळ येत असेल, तर आंतरकर्णाचा संशय बळावतो. कित्येकदा हे सारे झोपेतून उठल्यावर लक्षात येते, त्यामुळे प्रत्यक्ष सुरुवात रात्रीतच कधीतरी झालेली असते. ज्यांना विसरण्याचा त्रास आहे ते तर तक्रारही करत नाहीत. त्यांच्यात एका बाजूने हाक मारली तर उत्तर न येणे, दूरचित्रवाणीचा आवाज एकाएकी वाढणे, फोन नेहमीपेक्षा दुसऱ्याच कानाला लावणे, किंवा आवाज कुठून आला ते न कळून भलतीकडे मान वळवणे, यांतून अंदाज बांधावा लागतो.

कानात तेल, पाणी, औषधाचे थेंब, काडी किंवा कानकोरणे यांपैकी काहीही घालू नये. मळ नसताना घातलेल्या थेंबांनी काही साधत नाही. मळ असलाच तर तो फुगून कान आणखी बंद होतो आणि डॉक्टरांना पडदा दिसेनासा होतो.

वेळ मागताना नेमके काय सांगावे

फोनवर ‘बाबांना ऐकू कमी येते आहे’ असे सांगितले तर पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळेल, आणि त्यात पलीकडच्या माणसाची चूक नसेल. रोज दहा जण तेच सांगतात. वाक्य असे हवे: ‘यांना काल सकाळपासून डाव्या कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आहे, परवा रात्रीपर्यंत व्यवस्थित ऐकू येत होते, आणि आजच तपासून हवे आहे.’ बाजू, सुरुवातीची वेळ आणि ‘अचानक’ हा शब्द, या तिन्ही गोष्टी पहिल्याच वाक्यात याव्यात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील मार्गदर्शक सूचनांनुसार, तीन दिवसांच्या आत ओढवलेला आणि गेल्या ३० दिवसांतला असा बहिरेपणा असेल, व त्याला बाहेरच्या किंवा मधल्या कानातले कारण सापडत नसेल, तर रुग्णाला तज्ज्ञांनी २४ तासांत पाहावे, असे आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ त्याच दिवशी मिळत नसतील तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांच्यामार्फत तातडीची वेळ घ्यावी, आणि तेही शक्य नसेल तर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

निघण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून घ्याव्यात, कारण ऐकू न येणाऱ्या, घाबरलेल्या वृद्धाला तिथे ऐन वेळी त्या आठवत नाहीत. शेवटचे नीट केव्हा ऐकू आले, कशावरून, बिघाड एकदम झाला की दोन दिवसांत वाढला, कानात आवाज व भोवळ आहे का, कानाभोवती दुखते किंवा पुरळ आले आहे का, अलीकडे ताप, सर्दी, पडणे, विमानप्रवास किंवा मोठा स्फोटक आवाज झाला होता का, हे लिहावे. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, किंवा सरळ औषधांचा डबाच, सोबत न्यावा. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके, फ्युरोसेमाइड हे लघवीचे औषध, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन ही कानाला बाधू शकणारी औषधे आहेत. सिल्डेनाफिल (पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचे औषध) आणि त्या वर्गातील इतर गोळ्यांवर अचानक बहिरेपणाचा ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये दिला. ही गोळी वडीलधारे मुलांसमोर सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांना त्यांच्याशी एकट्याने बोलू द्यावे. मात्र हृदयाचे, रक्तदाबाचे किंवा रक्त पातळ ठेवणारे कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

पूर्वी कधी श्रवणचाचणी झाली असेल तर तिचा आलेख शोधून न्यावा. वृद्धांमध्ये याचे मोल फार असते, कारण नुकसान आजचे किती आणि जुने किती हे त्याशिवाय कळत नाही. तो नसल्यास चांगल्या कानाशी तुलना करून अंदाज घेतला जातो.

तपासणीत काय होते

डॉक्टर प्रथम कानात दिव्याने पाहतात. मळ दिसला तर तो काढतात, आणि इथेच एक घसरडी जागा आहे. वृद्धांच्या कानात मळ असतोच. तो सापडला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. मळ काढल्यावर, तिथेच खुर्चीवर बसल्या बसल्या, ‘आता पूर्वीसारखे ऐकू येते का?’ हे विचारले गेले पाहिजे, आणि उत्तर नाही असे आले तर तपासणी पुढे सरकली पाहिजे. कान स्वच्छ आणि पडदा निरोगी असूनही ‘सर्दीमुळे असेल’ म्हणून आठवड्याची औषधे मिळाली तर नम्रपणे नादकाट्याची चाचणी आणि ऑडिओमेट्री करण्याची विनंती करावी. नादकाट्याची चाचणी एका मिनिटाची असते आणि अडथळ्याचा बहिरेपणा व चेतेचा बहिरेपणा यांतील फरक तिच्यातून बहुधा समजतो.

ऑडिओमेट्रीसाठी रुग्णाला आवाजबंद खोलीत कानांवर हेडफोन लावून बसवतात आणि आवाज जेमतेम ऐकू आला तरी बटण दाबायला सांगतात. आलेखावर उजवा कान गोलाने आणि डावा फुलीने दाखवतात. रेघ जितकी खाली, तितके ऐकणे कमी. लागोपाठच्या किमान तीन वारंवारतांवर (आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांवर) ३० डेसिबल किंवा अधिक घट, तीही ७२ तासांच्या आत झालेली असेल, तर ‘अचानक आलेला संवेदी-चेताजन्य (आंतरकर्ण किंवा श्रवणचेतेतला) बहिरेपणा’ हे निदान सर्वसाधारणपणे पक्के होते. ३० हा आकडा लहान दिसतो, पण डेसिबलचे माप साधे नाही: ३० डेसिबलच्या घटीनंतर तोच आवाज ऐकू येण्यासाठी हजारपट ध्वनिऊर्जा लागते. वृद्धांना कित्येकदा बटण उशिरा दाबले जाते किंवा सूचनाच ऐकू जात नाही, म्हणून तंत्रज्ञांनी सूचना चांगल्या कानाच्या बाजूने किंवा लिहून द्यावी, असे सोबत्याने आधीच सांगून ठेवावे.

अशा दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांत नेमके कारण सापडत नाही. विषाणूची बाधा, आंतरकर्णाच्या रक्तपुरवठ्यातला अडथळा आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा स्वतःवरच झालेला मारा, असे तीन संशयित मानले जातात. आवाजाचे रूपांतर विद्युतसंदेशात करणाऱ्या केसपेशी प्रत्येक कानात सुमारे १५ हजार असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. घाई त्यासाठी आहे. श्रवणचेतेजवळ वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ मोजक्या रुग्णांत सापडते. ती राहून जाऊ नये म्हणून एमआरआय किंवा ते शक्य नसल्यास मज्जास्तंभापर्यंतचा श्रवणमार्ग तपासणारी बेरा चाचणी करतात. पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते एमआरआयपूर्वीच सांगावे. सरसकट सीटी स्कॅन आणि रक्तचाचण्यांची लांबलचक यादी यांतून मात्र सहसा काही हाती लागत नाही. कानात किंवा कानाभोवती फोड, तीव्र वेदना आणि चेहऱ्याचा लकवा असेल तर तो नागिणीचा आजार असू शकतो आणि त्याचा उपचार निराळा असतो.

स्टिरॉइडचे दिवस

उपचाराचा मुख्य आधार स्टिरॉइड हाच आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०१२ मध्ये आली आणि २०१९ मध्ये सुधारली गेली. त्यांनुसार सुरुवातीचे स्टिरॉइड लक्षणे दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत देता येते. नेहमीची पद्धत म्हणजे प्रेडनिसोलोन, शरीराच्या दर किलो वजनाला रोज १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, साधारण १० ते १४ दिवस आणि शेवटी मात्रा उतरवत बंद. हे आकडे मिळालेली चिठ्ठी समजावी म्हणून दिले आहेत. घरात पडलेल्या गोळ्या मोजून सुरू करण्यासाठी नव्हेत. दुसरा मार्ग म्हणजे कानाच्या पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात औषध सोडणे. मधुमेह अनावर असलेल्या, काचबिंदू किंवा पोटात व्रण असलेल्या वृद्धांसाठी हा मार्ग जास्त सोयीचा असतो, कारण औषध रक्तात फारसे जात नाही. इंजेक्शननंतर तो कान वर करून काही वेळ निश्चल पडून राहावे लागते आणि थोडी भोवळ येऊ शकते, त्यामुळे परतताना सोबत कोणीतरी हवेच. गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही तर दोन ते सहा आठवड्यांच्या काळात हेच इंजेक्शन दुसरा प्रयत्न म्हणून देतात. उच्चदाबाच्या प्राणवायूचा उपचार स्टिरॉइडच्या जोडीने काही ठिकाणी होतो. विषाणुरोधक किंवा रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे नेहमीची म्हणून देऊ नयेत, असे ही तत्त्वे सांगतात.

स्टिरॉइडने नक्की गुण येईल असे कोणीही सांगू शकत नाही. त्यामागचा पुरावा तज्ज्ञांनाही हवा तितका भक्कम वाटत नाही. काहींचे ऐकणे काहीही न करता परत येते. तरीही थोड्या दिवसांच्या औषधाचा धोका आणि कायमचा गेलेला कान यांची तुलना केली तर बहुतेक डॉक्टर औषधाकडे झुकतात, आणि मला ते पटते. निर्णय मात्र त्या वृद्ध व्यक्तीने, सारे नीट समजावून घेऊन करायचा आहे. कागदावर लिहून, चांगल्या कानाच्या बाजूला बसून तिला ते सांगावे.

घरातल्यांचे खरे काम या दोन आठवड्यांत असते. गोळी सकाळी, खाल्ल्यावर द्यावी. उशिरा घेतल्यास रात्रीची झोप उडते. मधुमेह असलेल्यांची साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त चढते, त्यामुळे केवळ सकाळची उपाशीपोटीची तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये. कोणत्या वेळी मोजायची आणि औषध कधी वाढवायचे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. रक्तदाब रोज पाहावा. एखादे वृद्ध एकाएकी चिडचिडे, अतिउत्साही किंवा गोंधळलेले दिसू लागले तर तो स्वभाव बदलला नसून औषधाचा परिणाम असू शकतो, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. काळी शौच, छातीत दुखणे, ताप यांबाबतही तसेच. सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या या काळात विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून किंवा काहीच फरक नाही म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

नंतरचे महिने

सुधारणा झालीच तर तिचा मोठा भाग पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. साठीच्या पुढचे वय, सुरुवातीलाच खूप घटलेले ऐकणे, सोबत भोवळ आणि उपचारातला उशीर यांनी शक्यता कमी होते. उपचार संपल्यावर एकदा आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा ऑडिओमेट्री करावी, ‘आता बरे आहे’ असे वाटत असले तरी.

ऐकणे परत आले नाही तर एका कानाचे जग वेगळे असते. आवाजाची दिशा कळत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना गाडी कुठून येते ते डोळ्यांनीच पाहावे लागते. चार माणसांच्या गप्पांत शब्द हरवतात. घरातली त्यांची नेहमीची खुर्ची अशी फिरवावी की बिघडलेला कान भिंतीकडे आणि चांगला कान माणसांकडे राहील. बोलणाऱ्याने समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहून, न ओरडता सावकाश बोलावे. बिघडलेल्या बाजूचा आवाज पकडून चांगल्या कानात पोहोचवणारी श्रवणयंत्रे मिळतात, ती काही दिवस वापरून पाहून मगच घ्यावीत. नुकसान फार असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या विद्युत उपकरणाचा, विचार होऊ शकतो, आणि केवळ वय जास्त म्हणून तो नाकारला जात नाही. तोल जात असेल तर तोल सावरण्याचे व्यायाम शिकून घ्यावेत. कानातला आवाज शांततेत जास्त छळतो; रात्री पंख्याचा किंवा मंद संगीताचा आवाज चालू ठेवल्याने अनेकांना झोप लागते.

चांगल्या कानात पुढे कधीही फरक जाणवला तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. त्या कानावर झोपल्यास दाराची घंटा, फोन आणि धुराचा गजर यांपैकी काहीच पोहोचत नाही. माझ्या वडिलांच्या उशीखाली म्हणूनच आता थरथरणारे घड्याळ असते, आणि श्रवणचाचणीचे सगळे आलेख, तारखांच्या क्रमाने, औषधांच्या डब्यातच ठेवलेले असतात.